थूल लाइनमनची पुरणपोळी

आमच्या शेजारच्या घरी पुरणपोळी होणार असली की स्वयंपाकघराच्या दाराला एक लोखंडी पाटी लटकते. तांबड्या पत्र्यावर पांढरी अक्षरं : ‘सावधान! लाइनवर माणूस काम करीत आहे.’ खाली कवटी, आणि कवटीखाली दोन हाडं. पुरणपोळी म्हटलं की लोकांच्या तोंडाला पाणी सुटतं. माझा आधी घसा कोरडा पडतो.

पाटीचे मालक मधुकर थूल. वीज कंपनीतून लाइनमन म्हणून निवृत्त झाले, त्याला आता चार वर्षं होतील. आंजी मोठीत आमच्या दोघांच्या घरांमध्ये कमरेएवढी भिंत आहे. दोन्ही घरांना चांगली लोखंडी गेटं आहेत, पण थूलभाऊ गेटनं कधीच येत नाहीत, भिंतीवर टांग टाकून येतात. साठी उलटली तरी चढायची खाज गेलेली नाही. उंच, काटकुळे, उन्हानं रापलेले. बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे बघत नाहीत, त्याच्या डोक्याच्या वर दहा फुटांवर कुठंतरी बघतात. जन्मभर तारांकडे बघून बोललेला माणूस. पहिल्या भेटीत मी दोनदा मान वळवून वर पाहिलं होतं.

त्यांचं आवडतं वाक्य एकच. “पह्यले सप्लाय बंद.” सायकलची चेन उतरली, पह्यले सप्लाय बंद. नळावर दोन बाया भांडल्या, पह्यले सप्लाय बंद. एकदा माझी बायको माझ्यावर तोंडसुख घेत होती, तर हे भिंतीपलीकडून म्हणाले, “वहिनी, पह्यले सप्लाय बंद करा, मंग बोला.” पंधरा दिवस तिनं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

यामागं त्यांचं एक शास्त्र आहे. लाइनमन खांबावर चढण्याआधी सबस्टेशनकडून परमिट घेतो. म्हणजे त्या लाइनीचा पुरवठा बंद केला आहे याची हमी. तो खाली उतरून ‘परमिट वापस’ म्हणेपर्यंत पृथ्वी उलथली तरी कोणी स्विचला हात लावायचा नाही. पस्तीस वर्षं हा नियम पाळला म्हणून ते जिवंत आहेत, आणि ज्या नियमानं माणूस जिवंत राहिला तो स्वयंपाकघरात का चालू नये, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे पोळी लाटायच्या आधी घराचा मेन स्विच बंद. मोबाइल बंद करून स्टीलच्या डब्यात, डब्याला झाकण. खिडकी बंद, कारण वाऱ्यानं गॅसची ज्योत हलते. मग पाटी. मग मोठ्यानं, “परमिट घेतलं!” आणि आत दोन माणसं : एक थूलभाऊ, दुसरा त्यांचा हेल्पर.

हेल्पर मी.

मी जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला आहे. डॉक्टर नाही, डॉक्टरांच्या हाताखालचा. पण ज्याच्या हातात इंजेक्शन दिसलं तो गावाला डॉक्टर. थूलभाऊ मला “डाक्टर” म्हणतात, आणि माझ्याबद्दल त्यांना नको तितका आदर आहे. या आदरातूनच मी त्या भट्टीत सापडलो.

झालं असं की त्यांची एकुलती एक मुलगी अर्चना, तिला दिवस गेले. अर्चना दिली आहे कारंजा घाडग्याला. तिच्या सासरचा हायवेवर ढाबा आहे. नागपूर-अमरावतीचे ट्रकवाले तिथल्या आलूच्या पराठ्यासाठी गाडी बाजूला घेतात. ढाबा चालवते अर्चनाची सासू, कौसल्याबाई मून. नवरा लवकर गेला, तेव्हापासून तवा हिच्या हातात आहे, आणि तव्यासोबत घरही. अर्चनाचा नवरा गल्ल्यावर बसतो आणि आई म्हणेल तेव्हा उठतो.

पहिलं बाळंतपण माहेरचं, ही रीत. पण माहेरी आई पाहिजे ना. थूलभाऊंच्या पत्नी सुमनबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या. घरात थूलभाऊ आणि ती पाटी. अर्चनाला पाचवा सरत आला तेव्हा कौसल्याबाईंचा व्याह्यांना फोन आला. फोन स्पीकरवर होता, मी भिंतीशी होतो, त्यामुळे ऐकलं नाही असं म्हणता येत नाही.

“पाठवाले काई नाई, इवाई. रीतच हाये. पन तुमच्या घरी करन कोन? ना पोरीची माय, ना मावशी. बाळंतिणीले काय फ्यूजची तार उकडून द्यान?”

थूलभाऊंनी फोन तोंडाजवळ धरला. मग विहीणबाईंना म्हणाले, “ईहीनबाई, सातवा सरता सरता या तुम्ही. माह्या हातची पुरनाची पोळी खाजा. मंग सांगा, करन कोन ते.”

“पुरनाची पोळी? तुम्ही?”

“म्या.”

“बरं,” बाई म्हणाल्या. “पोळी जमली त पोरगी राहीन. नाई जमली त संगं घेऊन येतो. आठव्यात पोरीले हलवत नाईत, म्हून त्याच दिवशी काय ते होऊन जाईन.”

फोन बंद झाल्यावर मी विचारलं, “थूलभाऊ, तुम्हाला पुरणपोळी येते?”

“चहा येते,” ते म्हणाले. “पन डाक्टर, ज्यानं तेहतीस हजार व्होल्टाची लाइन वढली, त्याले घरातलं कनेक्शन जोडा म्हनून कोनी शिकवते का? पुरनाची पोळी म्हंजे तेहतीस हजार. ते येकदा जमलं का मंग खिचडी काय, लाडू काय, सारं खालीच हाये.” मग भिंतीवरून वाकून आवाज बारीक करत म्हणाले, “अन बाळंतपनाचं मले टेन्शनच नाई. तुम्ही शेजारी हा ना.”

“अहो, मी गाईंचं करतो.”

“तेच त!”

पुढचे दोन महिने मी जे भोगलं ते माझ्या साखरेच्या रिपोर्टात लिहिलेलं आहे. दर रविवारी परमिट. पहिल्या रविवारी डाळीचं पाणी नीट निथळलं नाही, पुरण खिरीसारखं झालं. त्यांनी तेही लाटलं. पोळी लाटली जात होती तोवर ठीक होतं, तव्यावर पडताच चारी बाजूंनी फुटली. “फॉल्ट!” थूलभाऊ ओरडले आणि दोन्ही हात वर करून मागे सरले. मलाही मागे ओढलं. पोळीचा शॉक लागत नाही हे मी सांगून पाहिलं.

दुसऱ्या रविवारी माझ्या बायकोनं त्यांना पुरणाची परीक्षा सांगितली : आटलेल्या पुरणात उलथणं उभं राहिलं पाहिजे. हे त्यांना इतकं पटलं की दोन महिन्यांत पुन्हा कधी पुरण पातळ झालं नाही. उलथणं उभं राहिलं की ते पातेल्याभोवती फिरून चारी बाजूंनी बघत, खांब सरळ गाडला की नाही याची खात्री करून घ्यावी तसे, आणि म्हणत, “जमलं बाप्पा.”

पुरण जमलं, पण पोळी जमेना. आमच्याकडे पोळीत पुरण भरपूर आणि कणिक नावाला, वर तुपाची धार. पुण्यामुंबईसारखी कागदी पोळी इकडं कोणी पोळी मानत नाही. पुरण पार काठापर्यंत गेलं पाहिजे, नुसत्या कणकेचा काठ राहिला तर पाहुणा तो काठ ताटात सोडतो, आणि ते बघून घरचीचं तोंड उतरतं. थूलभाऊ म्हणत, “टेल-एंडले, पार शेवटच्या घराले, व्होल्टेज पोचलं पाह्यजे, डाक्टर. ट्रान्सफार्मरपाशी बल्ब सारेच पेटवते.” आणि काठापर्यंत पुरण न्यायला जात, तिथंच पोळी फुटे. दहांत सहा फुटत. फुटलेल्या मी खायच्या, असा हेल्परला नियम होता. अख्ख्या चार ते फडक्याखाली ठेवत, त्यांच्याकडे बघत बसत, आणि संध्याकाळी गल्लीत वाटून टाकत. स्वतः कधी खाताना मी पाहिलं नाही.

“सुमनची कवा फुटली नाई,” ते म्हणत. “बत्तीस वर्सं खाल्ली, डाक्टर. येक पोळी फुटलेली पाह्यली नाई म्या. कसं करे, काय करे, कवा जाऊन पाह्यलंच नाई.”

हे वाक्य एकदा माझ्या बायकोनं भिंतीपलीकडून ऐकलं. “बत्तीस वर्षं का?” एवढंच म्हणाली आणि कपडे वाळत घालायला निघून गेली. तिच्या तोंडावर काहीतरी होतं. मी विचारलं तर म्हणाली, तुम्हाला नाही कळायचं.

शेवटी तो रविवार आला. अर्चना आठ दिवसांपासून माहेरी आली होती. सातवा संपत आलेला, पाय सुजलेले, बोलणं कमी. कुठं राहायचं आहे, असं तिला कोणी विचारलं नव्हतं आणि ती आपणहून सांगत नव्हती. सासू आणि बाप दोघंही ओढत असले म्हणजे मधल्या माणसानं गप्प राहावं, हे पोरी कुठून शिकतात कोण जाणे. परीक्षा जवळ आली म्हणून त्या आठवड्यात परमिट रोज होतं; बाप वाढेल ती पोळी ती खात होती, अर्धी, आणि “चांगली झाली” म्हणत होती. त्या ‘चांगली’नं थूलभाऊ जास्तच कावरेबावरे होत.

कौसल्याबाई बारा वाजता येणार होत्या. दहाला परमिट घ्यायचं ठरलं. एप्रिलचं ऊन. मेन बंद म्हणजे पंखा बंद, म्हणून अर्चनाला आमच्या घरी पाठवलं. माझ्या बायकोनं तिला कूलरसमोर झोपवलं आणि शेजारी स्वतःही आडवी झाली. आमचा कूलर सुरू असला की घरात बँड लावला तरी ऐकू येत नाही. माझी बायको म्हणाली होती, “भाऊ, आजच्या दिवस मी करून देते पोळ्या.” थूलभाऊ म्हणाले, “वहिनी, परीक्षेले दुसरा बसवला त पेपर रद्द होते.”

आत किती गरम होतं ते सांगत नाही. थूलभाऊंच्या नाकाच्या टोकाला घामाचा थेंब लोंबत होता आणि तो पोळीवर पडू नये म्हणून मी टॉवेल घेऊन तयार उभा. ते बोलत नव्हते. नुसत्या खुणा करत होते : बोट वर, गॅस वाढव. तळवा खाली, कमी. पहिली फुटली. दुसरी फुटली. तिसरी अख्खी उतरली आणि आम्ही दोघांनी एकदम श्वास सोडला. चौथी फुटली. पाचवी फुटली. सहाव्या पोळीचा गोळा त्यांच्या हातातून सटकला. हा माणूस वादळात खांबावर बसून तारा जोडत आला, आणि कणकेचा एवढासा गोळा त्याला हातात धरवत नव्हता. मला हसू यायला पाहिजे होतं. आलं नाही.

“डाक्टर,” ते कुजबुजले, “पोरगी गेली त घरात पुना कोनी नसन.”

मी म्हटलं, “लाटा.”

बाराव्या पोळीपर्यंत चार अख्ख्या झाल्या होत्या. आठ फुटक्या आम्ही परातीखाली झाकल्या. तेरावी तव्यावर होती, काठापर्यंत भरलेली, फुगत आलेली, आतापर्यंतची सगळ्यांत देखणी, आणि त्याच वेळी मागच्या बंद खिडकीवर धाडधाड थापा पडल्या.

थूलभाऊंनी मान न वळवता आवाज चढवला, “कोन हाये बे? परमिट चालू हाये! अर्ध्या घंट्यानं ये!”

थापा थांबल्या. मग खणखणीत आवाज आला, “इवाई, मी कौसल्या मून. कारंज्याहून आली. अर्धा घंटा त झाला गेटवर उभी हावो.”

तव्यावरची पोळी फुटली.

गाडी लवकर मिळाली म्हणून बाई साडेदहालाच पोचल्या होत्या. बेल दाबली, वाजली नाही. व्याह्यांना फोन लावला, बंद. सुनेला लावला, बंद. हाका मारल्या. शेजारी म्हणजे आमच्याकडे दार वाजवलं, आत कूलर. शेवटी घराला वळसा घालून धुराचा वास आला त्या खिडकीशी आल्या. दार उघडलं तेव्हा त्यांचं तोंड लाल झालेलं, पदर ओला. ड्रायव्हर रस्त्यावर हॉर्न देत होता. थूलभाऊंनी ताबडतोब मेन सुरू केला, तशी इतका वेळ मुकी असलेली बेल, बाईंनी दाबलेलं बटण आतच अडकलं होतं म्हणून, वाजायला लागली ती थांबेचना. मी जाऊन बटण उचकटलं.

कौसल्याबाई माठातलं पाणी प्यायल्या. एक तांब्या. मग दुसरा. मग विचारणा सुरू झाली.

“बेल?”

“बंद होती.”

“फोन?”

“डब्यात हाये.”

“पोरीचा फोन?”

“चार्जिंगले लावलता. पन मेन बंद, म्हून…”

“अन पोरगी कुठं हाये?”

“डाक्टरकडे.”

बाई ताडकन उठल्या. “डाक्टरकडे? काऊन? काय झालं तिले?”

“नाई नाई, ह्या डाक्टरच्या घरी,” थूलभाऊ माझ्याकडे बोट दाखवत म्हणाले. “झोपली हाये.”

बाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. माझ्या अंगावर पीठ होतं. “वक्ताले डाक्टर शेजारीच हाये म्हनत होते इवाई परवा फोनवर, ते तुम्हीच का? कुठच्या दवाखान्यात असता?”

“जनावरांच्या,” मी म्हणालो. आजवर एकही गाय माझ्या हातून दगावली नाही, हे सांगायचा मोह झाला, पण ती वेळ नव्हती.

मी जाऊन अर्चनाला उठवून आणलं. ती सासूच्या पाया पडायला वाकू लागली, तशी बाईंनी तिला दंडाला धरून खुर्चीत बसवलं आणि तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. मग पाटावर बसल्या. थूलभाऊंनी ताट वाढलं. दोन अख्ख्या पोळ्या, वर तूप, बाजूला कढी आणि भजी. पहिल्यांदाच ते समोरच्या माणसाकडे सरळ बघत होते.

जन्मभर पराठे लाटलेल्या बाईचं पोळी खाणं बघण्यासारखं असतं. त्यांनी आधी पोळी बोटांवर उचलून तिचं वजन घेतलं. मग काठ बघितला. मधून नाही, काठावरूनच तुकडा तोडला आणि तुपात बुडवला. चावताना डोळे मिटले. दुसरी पोळीही संपवली. ताटात काठ उरला नाही. हात धुतले, पदराला पुसले. ड्रायव्हरनं बाहेर आणखी एक हॉर्न दिला.

“पोळी चांगली हाये,” बाई म्हणाल्या. “खोटं नाई बोलत. टोकापर्यंत पुरन हाये. आमच्या ढाब्यावरच्या कारागिराले असा काठ भरता येत नाई.”

थूलभाऊंचा चेहरा उजळला.

“पन पोरगी मी नेतो. पोळीसाठी नाई नेत. आज पोरीच्या पोटात दुखलं असतं, अन तिनं हाक मारली असती, त तुम्ही आत कुलपं लावून बसला असता. बाळंतपन परमिट घेऊन येत नाई, इवाई.”

मला वाटलं थूलभाऊ भांडतील. बाईंनी शब्द दिला होता, पोळी जमली होती, त्यांचा हक्क होता. ते ताटाकडे बघत राहिले.

“अर्चना झाली तवा मी वडनेरकडे होतो ड्यूटीवर,” ते म्हणाले. “वादळानं तारा पडलत्या. खांबावर होतो. सबस्टेशनले निरोप आला का सुमनले दवाखान्यात नेलं. ऑपरेटरनं निरोप आपल्याजवळच ठेवला. वर चढलेल्या मानसाले असं सांगत नाईत, हात सुटते. बराबर केलं त्यानं. चार घंट्यानं उतरलो. जाऊन पाह्यतो त ही टॉवेलात गुंडाळलेली. सुमननं डोये उघडले अन म्हने, आलात? बस, येवढंच. पुना कवा बोलली नाई त्याच्याबद्दल.” ते थांबले. “म्हनलं, येकदा त आपन जवळ असू. पन नाई. तवाही बंद होतो, आजही बंदच निघालो. तुमचं बराबर हाये, ईहीनबाई. नेजा पोरीले. मी पिशवी आनतो.”

ते उठले. पाय ओढत आतल्या खोलीकडे निघाले.

“बाबा, थांबा,” अर्चना म्हणाली. आठ दिवसांत तिचा आवाज मी पहिल्यांदा एवढा मोठा ऐकला. “फुटलेल्या कुठं हायेत?”

“कोनत्या?” थूलभाऊ चोरी पकडल्यासारखे म्हणाले.

“पोळ्या. घरभर जळलेल्या पुरनाचा वास हाये. कुठं लपवल्या?”

“पोरी, त्या कायले? त्या खराब झाल्या. तुह्या मायची कवा फुटे नाई, माह्या हाताले…”

“आईच्याही फुटत होत्या,” अर्चना म्हणाली.

थूलभाऊ जागच्या जागी उभे राहिले. “सुमनच्या?”

“अर्ध्या फुटत होत्या. तुमच्या ताटात साबूत वाढे, पाव्हन्याइले साबूत वाढे. फुटलेल्या आम्ही दोघी खात होतो, चुलीपाशी बसून, तुम्ही ड्यूटीवर गेल्यावर. पुरन बाहेर येऊन तव्याले लागते ना, कडक होते, तेच मले आवडते. आई आपल्या वाट्यातलीही अर्धी मलेच वाढे.” ती बापाकडे वळली. “आठ दिवस झाले, तेच खावंसं वाटून राह्यलं, अन तुम्ही मले येक येक साबूत पोळी वाढून राह्यले, अन फुटलेल्या काकाले चारून राह्यले. तुम्ही येवढे घामाघूम होता, मले बोलाले जीवच होत नव्हता.”

मी दोन महिन्यांचं ते सगळं खाल्लेलं आठवून मान खाली घातली.

थूलभाऊ वळले. स्वयंपाकघरात गेले. परात बाजूला केल्याचा आवाज आला. फुटक्या पोळ्यांची चळत असलेलं ताट घेऊन ते आले आणि लेकीच्या समोर ठेवलं, ठेवताना ते ताट हातातून सोडत नव्हते. अर्चनानं सगळ्यांत जास्त फुटलेली उचलली, काठाला चिकटलेली करपट खरवड दातानं तोडली, आणि डोळे भरून आले तरी खातच राहिली. दुसरी घेतली. तिसरी घेतली.

कौसल्याबाई बघत होत्या. ढाब्यावर रोज फुटलेले पराठे बाजूला काढणारी बाई. ते गिऱ्हाइकापुढं जात नाहीत, ते घरचे खातात, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

“इवाई,” त्या म्हणाल्या, “मले काऊन साबूत वाढल्या? मी काय गिऱ्हाईक हावो?”

आणि ताटातली एक फुटकी पोळी उचलून उभ्या उभ्याच खाऊ लागल्या. खाता खाता दाराशी जाऊन ड्रायव्हरला ओरडल्या, “हॉर्न कायले वाजवून राह्यला बे? आतमंधी ये, पानी पी. वापस मी येकटीच येतो.”

मग अटी सांगितल्या. फोन चोवीस तास सुरू. नवव्याला त्या स्वतः येऊन राहतील. वर्ध्याच्या दवाखान्यात नाव आजच घालायचं. “अन हे डाक्टर,” माझ्याकडे बघत, “हे फक्त गाडी बोलवाले.” थूलभाऊ प्रत्येक अटीला मान हलवत होते. काही समजत होतं की नाही, देव जाणे.

गाडी गेली. माझी बायको अर्चनाला आतल्या खोलीत आडवं करून घरी गेली. मीही निघालो होतो, पण थूलभाऊ ओट्यावर बसले होते, म्हणून बसलो. हातात पोळीचा एक तुकडा होता, तो ते खात नव्हते, नुसता बघत होते.

“बत्तीस वर्सं, डाक्टर,” ते म्हणाले. “ती फुटलेल्या खात राह्यली अन मी तिची तारीफ करत राह्यलो. येकदाही उठून चुलीपाशी गेलो नाई.”

त्यांनी तो तुकडा तोंडात घातला. चावत असताना त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते त्यांनी पुसलं नाही. गाय अडली तर मला कळतं, माणूस अडला तर कळत नाही.

तेवढ्यात आतून अर्चनाची हाक आली, “बाबा…” पाणी हवं होतं फक्त. पण तिचं ‘पाणी’ म्हणून व्हायच्या आत थूलभाऊ उठून अर्धा व्हरांडा ओलांडून गेले होते, “आलो ना, आलो. इथंच हावो,” असं म्हणत.